पहिली-दुसरीचा गृहपाठ : मिनिटं मोजून काय कळतं?



मागच्या लेखात आपण सहसंबंध म्हणजे काय ते पाहिलं होतं. त्याच सहसंबंधाने माझी कशी फजिती केली, ते आज सांगते. विषय माझ्या संशोधनाचाच आहे : पहिली ते तिसरीच्या मुलांचा गृहपाठ.

शिक्षणशास्त्रातल्या सिनॉप्सिसमध्ये या विषयावर दोन वाक्यं हमखास सापडतात. पहिलं : ‘संशोधनानुसार प्राथमिक स्तरावर गृहपाठ व शैक्षणिक संपादणूक यांत संबंध आढळत नाही.’ दुसरं : ‘शासकीय धोरणानुसार इयत्ता दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये.’ माझ्याही पहिल्या मसुद्यात ही दोन्ही वाक्यं एकाखाली एक होती. वाचायला भारदस्त वाटायची. गाईडनी दोन्हींच्या शेजारी लाल पेनाने एकच शब्द लिहिला : ‘वाचलंय?’

खरं सांगायचं तर नव्हतं वाचलं. कुणाच्या तरी प्रबंधातून उचललं होतं, आणि त्यांनीही बहुधा तिसऱ्याच कुणाच्या प्रबंधातून उचललं असावं. मग मूळ लिखाण शोधून वाचायला बसले. दोन्ही वाक्यं खोटी नाहीत, हे खरं. पण दोन्ही अर्धी आहेत. आणि जो भाग गळतो, नेमका त्यातच आपल्या पुसद तालुक्यातल्या मुलांचा प्रश्न अडकलेला आहे. म्हणून आज ही दोन वाक्यं सावकाश तपासू.

वाक्य पहिलं : ‘संबंध आढळत नाही’

हे वाक्य मागे मागे नेत गेलात तर तुम्ही हॅरिस कूपर या अमेरिकन संशोधकापर्यंत पोचता. गृहपाठावर तोपर्यंत झालेले अभ्यास एकत्र करून त्यांनी १९८९ साली पुस्तक लिहिलं. गृहपाठाला दिलेला वेळ आणि परीक्षेतली संपादणूक यांचा सहसंबंध त्यांनी इयत्तांनुसार मांडला. हायस्कूलच्या वर्गांत तो ०.२५ च्या आसपास, मधल्या वर्गांत ०.०७ आणि तिसरी ते पाचवीत जवळजवळ शून्य. पुढे २००६ साली त्यांनी रॉबिन्सन आणि पटाल या सहकाऱ्यांसोबत १९८७ ते २००३ या काळातल्या संशोधनाचा पुन्हा आढावा घेतला. लहान वर्गांत संबंध क्षीण आणि मोठ्या वर्गांत जास्त, हे चित्र तेव्हाही कायम राहिलं.

आता इथे थांबा आणि तीन गोष्टी बघा. तुमच्या संदर्भ-साहित्याच्या प्रकरणात तुम्हाला त्या उपयोगी पडतील.

एक. १९८९ चा तो ‘शून्य’ तिसरी ते पाचवीचा आहे. आपण तो बिनदिक्कत पहिली-दुसरीला चिकटवतो. सहा वर्षांचं मूल आणि दहा वर्षांचं मूल यांत किती अंतर असतं, हे ज्याने वर्ग घेतलाय त्याला विचारा.

दोन. शून्य आहे तो ‘वेळ’ आणि ‘गुण’ यांच्या संबंधाचा. समजा एका वर्गात दोन मुली आहेत. एकीला दहा ओळी लिहायला दहा मिनिटं लागतात, दुसरीला त्याच दहा ओळींना तास लागतो. चाचणीत पहिलीला जास्त गुण मिळतात. या दोघींच्या आकड्यांवरून तुम्ही म्हणणार की जास्त गृहपाठ केला की गुण कमी पडतात? दोघींचा गृहपाठ तर एकच होता. लहान वर्गांत ‘लागलेला वेळ’ हा बरेचदा ‘झालेली अडचण’ मोजतो. लहान मुलांच्या अभ्यासाच्या सवयी अजून बसलेल्या नसतात, आणि मागे पडलेल्या मुलांना शिक्षक जास्त काम देत असतील, अशी कारणं कूपर यांनी स्वतःच चर्चिली आहेत. उद्धृत करताना ती चर्चा आपण गाळतो.

तीन. २००६ च्या आढाव्यात सहसंबंधाखेरीज काही छोटे प्रयोगही आहेत. त्यांत काही मुलांना गृहपाठ दिला, काहींना नाही, आणि त्याच घटकावर चाचणी घेतली. दुसरी-तिसरीतल्या मुलांवरचे प्रयोगही त्यांत आहेत. अशा प्रयोगांत गृहपाठ केलेल्या मुलांच्या बाजूने फरक दिसला. प्रयोग थोडे आहेत, चाचणी शिकवलेल्या घटकापुरतीच आहे, त्यामुळे फार उड्या मारायला नकोत. पण ‘काहीच संबंध नाही’ हे विधान यानंतर तसंच ठेवता येत नाही. खुद्द कूपर गृहपाठ बंद करा असं म्हणत नाहीत. इयत्तेगणिक दहा मिनिटं, म्हणजे पहिलीला दहा, दुसरीला वीस, असा अमेरिकेत प्रचलित असलेला नियम त्यांना ठीक वाटतो.

मग कूपर यांच्या कामात उणीव काय? माझ्या मते ती मोजमापाची आहे. ‘गृहपाठ’ हे एकच चल धरलं, तर पाढे दहा वेळा लिहिणं आणि आजीला गोष्ट वाचून दाखवणं हे दोन्ही एकाच खात्यात जमा होतं. सरासरी काढली की दोन्हींची ओळख पुसली जाते.

मधेच लंडनची एक गोष्ट

हे मी हवेत बोलत नाही. लंडनच्या हॅरिंगे भागात १९७० च्या दशकात एक प्रयोग झाला. टिझार्ड, स्कोफिल्ड आणि ह्युइसन यांनी १९८२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलं साधारण सहा ते आठ वयाची, वस्ती कष्टकऱ्यांची. शाळेतून पुस्तक घरी यायचं आणि मुलाने ते आईला किंवा बापाला वाचून दाखवायचं, बस एवढंच. घरच्यांनी शिकवायचं नव्हतं, फक्त ऐकायचं होतं. दुसऱ्या एका गटाला शाळेतच जादा शिक्षिका देऊन वाचनाची मदत केली. घरी वाचून दाखवणाऱ्या गटाची प्रगती ठळक होती, जादा शिक्षिकेच्या गटात तशी दिसली नाही. आणि त्या घरांमधल्या काही पालकांना इंग्रजी नीट येत नव्हतं, काहींना वाचताच येत नव्हतं!

पण लगेच हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये टाकायला धावू नका. पीटर हॅनन यांनी १९८७ साली बेलफिल्ड प्रकल्पाचे निकाल मांडले. तिथेही मुलं घरी वाचून दाखवत होती, तरी वाचन-चाचणीच्या गुणांत तसा फरक सापडला नाही. हॅरिंगेमध्ये संशोधक घरोघरी वारंवार जात होते, पालकांचं वाचन-ऐकणं बघत होते, बोलत होते. कदाचित फरक तिथे असेल, कदाचित आणखी कशात. एका अभ्यासावर प्रबंध उभा करू नये, तो याच कारणासाठी. मला यातून एवढंच घ्यायचंय की त्याच वयाच्या मुलांच्या घरच्या कामाचा परिणाम कामाचं स्वरूप बदललं की बदलू शकतो. मिनिटांच्या रकान्यात हे कधीच दिसणार नाही.

वाक्य दुसरं : ‘दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये’

हे वाक्य २०२० च्या शालेय दप्तर धोरणातलं आहे. त्याची मुळं जुनी आहेत. शास्त्रज्ञ यशपाल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९९३ साली ‘ओझ्याविना शिक्षण’ हा अहवाल दिला. प्राथमिक वर्गांत गृहपाठ नको, अपवाद फक्त घराच्या परिसरातल्या शोधाचा, असं त्यांनी सुचवलं होतं. हा अपवाद लक्षात ठेवा, पुढे कामी येईल. मे २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीला गृहपाठ नको असा निकाल दिला, त्याच वर्षी केंद्राने राज्यांना तसं कळवलं, आणि २०२० मध्ये धोरण आलं. त्यात तासांची मर्यादा आहे : दुसरीपर्यंत काहीच नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी रोज जास्तीत जास्त एक तास आणि त्यापुढे रोज दोन तास.

प्रबंधांमध्ये एवढंच येतं. पण धोरणात त्याच्या पुढचं वाक्यही आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना, काल संध्याकाळ घरी कशी घालवली, काय खेळलात, काय खाल्लंत, हे वर्गात बोलतं करावं, असं तिथे म्हटलंय. तिसरीपुढच्या मुलांसाठीही घरच्या संध्याकाळबद्दल, घरात स्वयंपाक कोण करतं याबद्दल सांगायला लावण्याची उदाहरणं आहेत. धोरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. आणि त्यावरच माझ्या तीन तक्रारी आहेत.

पहिली तक्रार : धोरण याला गृहपाठ म्हणायलाच तयार नाही. गृहपाठ म्हणजे बसून लिहिणं, ही व्याख्या त्याने गुपचूप मान्य केली. त्यामुळे शाळांपर्यंत फक्त ‘नको’ पोचलं, ‘मग काय’ हे पोचलंच नाही. बऱ्याच वर्गांत गृहपाठ चालूच राहिला, फक्त वहीवरचं नाव बदललं. ‘सराव’ म्हणा, ‘शुद्धलेखन’ म्हणा.

दुसरी : वर्गात बोलतं करायचं, इथपर्यंत ठीक. पण मुलाने सांगितलेल्या गोष्टीचं शिक्षकाने पुढे काय करायचं? ती फळ्यावर येणार, गणितात येणार, वाचनात येणार, की ‘छान, बस खाली’ म्हणून संपणार? याचं उत्तर नाही.

तिसरी जरा नाजूक आहे. ‘काल काय खाल्लं?’ हा प्रश्न दिल्लीत बसून साधा वाटतो. आपल्या वर्गात तो साधा नसतो. कुणाच्या घरी काय शिजतं यावरून जात कळते, ऐपत कळते, आणि कुणाच्या घरी काल चूल उशिरा पेटली तेही कळतं. सात वर्षांचं मूल वर्गात उभं राहून हे सांगणार, आणि बाकीची मुलं हसणार. घरातून वर्गात काय आणायचं हे ठरवताना मुलाची लाज राखली जाईल ना, हा विचार धोरणात हवा होता.

आता जरा हिशेब करू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. आठवड्याचे सहा दिवस धरले तर २०० दिवसांचे साधारण ३३ आठवडे होतात. तिसरी-चौथीच्या मुलाने धोरणातली मर्यादा पूर्ण वापरली तरी गृहपाठाचे ६६ तास, म्हणजे वर्गातल्या तासांच्या आठ टक्क्यांच्या आसपास. वाद या आठ टक्क्यांच्या मिनिटांवर घालायचा की त्यांचं वर्गातल्या शंभराशी नातं काय यावर, ते तुम्हीच ठरवा.

माझी प्रश्नावली तांड्यावर गेली तेव्हा

आता फजितीची गोष्ट. मुख्य अभ्यासाआधी पायलट म्हणून मी पुसदपासून थोड्या अंतरावरच्या एका तांड्यावर गेले. शाळेचं आणि गावाचं नाव सांगत नाही, आणि तुम्हीही तुमच्या प्रबंधात सांगू नका. दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी जोरात होती. बाया सकाळीच शेतात जायच्या, त्यामुळे मला संध्याकाळी घरं गाठावी लागली.

प्रश्नावलीतला सातवा प्रश्न असा होता : ‘आपला पाल्य दररोज घरी किती मिनिटे गृहपाठ करतो?’ पुढे चार पर्याय. पहिल्याच घरी ‘पाल्य’ म्हणजे कोण इथपासून सुरुवात झाली. मग ‘गृहपाठ’ला अडलो. आपल्याकडे घरात कुणी ‘गृहपाठ केला का’ असं विचारत नाही, ‘अभ्यास केला का’ असं विचारतात, आणि त्या अभ्यासात शिकवणी, पाढे म्हणणं, पुस्तक उघडून बसणं सगळं येतं. शेवटी मिनिटं. दुसरीतल्या एका मुलीची आई म्हणाली, “मिनिटं मले काय मालूम, ताई? मी येतो तवा अंधार पडते. मोठी लिहून देते, लहानी गिरवते. वही भरली म्हणजे झालं.”

मी ‘१५ ते ३०’ वर खूण केली. का केली, ते आजही सांगता येणार नाही. रकाना रिकामा राहू नये म्हणून केली असावी. घरी आल्यावर त्या खुणेकडे बघितलं आणि पोटात गोळा आला. अशा शंभर खुणा केल्या असत्या, सहसंबंध काढला असता, तो शून्याच्या आसपास आला असता, आणि मी लिहिलं असतं, ‘हे निष्कर्ष कूपर यांच्या निष्कर्षांशी जुळतात’. कुणी पकडलंही नसतं.

त्या मुलीची वही मी मागून बघितली होती. गृहपाठ होता १ ते १०० अंक लिहून आणणे. तिने काय केलं होतं? रकान्यात वरून खाली नऊ वेळा ३ काढला होता. मग परत वर येऊन शेजारी १, २, ३, ४ असं उतरत गेली होती. म्हणजे वहीत एकतीस दिसतो, बत्तीस दिसतो, पण ‘एकतीस’ ही संख्या तिच्या मनात एकदाही आलेली नाही. मधली दोन पानं तर थोरल्या बहिणीच्या अक्षरात होती. खाली लाल पेनाने बरोबरची खूण. गृहपाठ पूर्ण, वेळ दिलेला, तपासलेला! आकडेवारीच्या नजरेने आदर्श नोंद.

आता दुसरी बाजू. त्याच शाळेतल्या बाईंनी एकदा मुलांना सांगितलं, ‘घरात कुणी काल काही वजन करून मोजलं असेल, तर किती किलो ते विचारून या.’ वेचणीचे दिवस, मजुरी किलोवर. ज्या बाईला अक्षर ओळखता येत नाही, तिलाही काल आपण किती किलो कापूस वेचला ते चोख ठाऊक असतं, कारण तिचे पैसे त्यावर ठरतात. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आकडे आले : ३४, ४१, २८. कुणी किराणा दुकानातून साखर किती आणली ते सांगितलं, एकाने बकरीच्या पिल्लाचं वजन ठोकून दिलं. बाईंनी कुठला आकडा कुणाच्या घरचा ते लिहिलं नाही, नुसते आकडे लिहिले. मग लहान-मोठा क्रम लावला, फरक काढला. दशक-एकक आपोआप आलं.

पुढच्या आठवड्यात एका मुलाला घरी आईने दोन दिवसांच्या वेचणीची बेरीज करायला सांगितली. त्याने हातचा विसरून चुकीची केली. आईने तोंडी हिशेबाने लगेच पकडली. ती चूक तो वर्गात घेऊन आला, आणि बाईंना हातच्याची बेरीज शिकवायला आयतं उदाहरण मिळालं.

या दोन प्रसंगांवरून मी काहीही सिद्ध करत नाहीये. ही निरीक्षणं आहेत, निष्कर्ष नव्हेत. पण माझा प्रश्न यांनी बदलला. पहिला गृहपाठ घराकडे जे मागत होता ते त्या घरात नव्हतं : संध्याकाळी मोकळं असलेलं, वाचता येणारं मोठं माणूस. दुसरा गृहपाठ घरात जे होतं तेच मागत होता. पहिल्याने वेळ जास्त खाल्ला, दुसऱ्याला दोन मिनिटं लागली असतील.

हे आपल्याकडे कुणी आधी ओळखलं होतं?

अमेरिकेत लुइस मोल आणि सहकाऱ्यांनी १९९२ च्या लेखात हीच दिशा धरली होती. ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांच्या घरी शिक्षक गेले, ते शिकवायला नव्हे, शिकायला. शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधी वनस्पती, घरचा पैसा-अडका याबद्दल या घरांत केवढं ज्ञान साठलंय हे त्यांनी नोंदवलं आणि त्यावर वर्गातले पाठ उभे केले. ज्या घरांना शाळा ‘अडाणी’ समजत होती, ती ज्ञानाची कोठारं निघाली.

आणि महाराष्ट्रात? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे केलं ते आठवा. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. त्यांनी ‘गृहपाठ’ हा शब्द वापरला की नाही हा मुद्दा नाही. घर आणि शाळा यांच्यामधली वाट दोन्हीकडून चालायची असते, हे त्यांनी करून दाखवलं. आपल्या संदर्भ-सूचीत कूपर असतात, ताराबाई नसतात. असं का, याचा जरा विचार करा.

पण पालकांनाच गृहपाठ हवा असतो, त्याचं काय?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नका. पुसद शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या पालकांना विचारा किंवा तांड्यावरच्या आईला, उत्तर एकच येतं : “होमवर्क नाही म्हणजे शिकवत नाहीत.” संशोधक म्हणून आपण याला अज्ञान म्हणून मोकळे होतो. मीही झाले होते.

नीट बघितलं तर ती वही म्हणजे शाळेच्या आत डोकावायची त्या आईची एकमेव खिडकी असते. तिला वाचता येत नाही, पण पान भरलंय की कोरं आहे हे दिसतं. लाल खूण दिसते. ही खिडकी बंद करून ‘धोरण आहे’ म्हणून सांगितलं, तर तिच्या हातात काही उरत नाही. म्हणून लेखी गृहपाठ काढायचा असेल तर त्या जागी तिला दिसेल-ऐकू येईल असं काही द्यायला हवं. मूल रोज पाच-दहा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवतं, हे त्यातलं सगळ्यात सोपं. ऐकणाऱ्याला वाचता आलंच पाहिजे असं नाही. मूल कुठे अडखळतं आणि काल अडखळत होतं तिथे आज अडखळत नाही, एवढं कानाला कळतं.

आणि भाषेचं विसरू नका. तांड्यावरच्या मुलाच्या घरात गोरबोली असते. आईला तो ‘याडी’ म्हणतो. शाळेचा गृहपाठ मराठीत येतो आणि घर गोरबोलीत उत्तर देतं. ‘घरी याला काय म्हणतात ते विचारून या’ एवढ्या एका प्रश्नाने दोन भाषा एका फळ्यावर येतात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ मातृभाषा आणि भीतीमुक्त वातावरण या दोन्हींबद्दल बोलतं. ते परीक्षेपुरतं पाठ करू नका, तुमच्या साधनात उतरवा.

तर सिनॉप्सिसमध्ये काय लिहाल?

कुठल्याही छोट्या वर्गाचा गृहपाठ तपासताना मी आता चार प्रश्न विचारते :

१. हे काम मूल एकट्याने, किंवा घरात वाचता येणारं कुणी नसताना, करू शकतं का?

२. लागणारी वस्तू प्रत्येक घरात आहे का? ‘कॅलेंडर बघून या’ हेसुद्धा काही घरांत अडतं.

३. उत्तर सांगताना कुठल्या मुलाला मान खाली घालावी लागेल का? आणि काम राहिलं तर शिक्षा होईल का? कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. ‘वर्गाबाहेर उभा राहा’ हे कशात बसतं ते बघा.

४. घरून आलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गात वापरलं जातं का?

चौथा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच मी वाचलेल्या प्रश्नावल्यांमध्ये नव्हता. तो पालकांना विचारून कळत नाही. त्यासाठी दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन बसावं लागतं. म्हणजे नमुना लहान होणार, काम वाढणार. गाईड म्हणतील पाचशेचा नमुना घ्या. तेव्हा नम्रपणे विचारा, की सर, पाचशे घरांतून मिनिटं गोळा करू की वीस घरांतला गृहपाठ वर्गापर्यंत नेऊन बघू? दोन्हींचं उत्तर वेगवेगळं असेल आणि दोन्ही संशोधनच आहे. फक्त आपण कुठल्या प्रश्नाचं उत्तर शोधतोय ते आपल्याला ठाऊक हवं.

आणि त्या पहिल्या वाक्याच्या जागी हे लिहा, किंवा तुमच्या शब्दांत असंच काही : ‘प्राथमिकच्या मधल्या वर्गांत गृहपाठाला दिलेला वेळ आणि संपादणूक यांचा सहसंबंध नगण्य आढळला आहे, मात्र काही लहान प्रयोगांत घटक-चाचणीवर अनुकूल परिणाम दिसले असून, पहिली-दुसरीबाबत, विशेषतः पालकांना वाचता न येणाऱ्या घरांबाबत, कामाच्या स्वरूपानुसार परिणाम तपासण्याची गरज आहे.’ लांब झालं, कबूल. पण व्हायव्हाला कुणी ‘वाचलंय?’ विचारलं तर मान वर करून हो म्हणता येईल.

यशपाल समितीने १९९३ मध्ये ठेवलेला तो अपवाद, घराच्या परिसराचा शोध, माझ्या नव्या आराखड्यात आता मुख्य विषय झालाय. सातवा प्रश्न मी खोडला. त्या जागी लिहिलंय : ‘काल शाळेने घराला काय विचारलं? घरात कुणी सांगितलं? आज वर्गात त्याचं काय झालं?’ वेचणी संपायच्या आत पुन्हा त्याच तांड्यावर जायचंय. या वेळी वही बघेनच, पण आधी वर्गात मागच्या रांगेत जाऊन बसेन.

पुढच्या लेखात वर्ग-निरीक्षणाची नोंद कशी ठेवायची ते पाहू. तोवर तुमच्या प्रश्नावलीतला एक तरी प्रश्न घरच्या कुणाला मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्यांना तो कळतो का ते बघा.